दोघींपैकी एक

२३ डिसेंबर, सोमवार. बेंटोटा, श्रीलंका

पोचलो एकदाचे. मी बसवकल्याणहून, विहीणबाई हेमावती गुलबर्ग्याहून, हैदराबादेत एकत्र विमान धरलं. माझा किरण, सून शैलश्री आणि सन्निधी मस्कतहून आधीच आलेले. नात विमानतळावर धावत आली — माझ्या शेजारून गेली आणि हेमावतीबाईंच्या कमरेला बिलगली. "अव्वा!" आईची आई ती अव्वा, मी आज्जी.

त्या म्हणाल्या, "आज्जीकडं पण जा की गं." मग आली. सांगून पाठवलेली पापी. चार वर्षांची पोर, तिचा काय दोष. पण लागलं.

२४ डिसेंबर

किरणनं जेवताना विषय काढला. शैलश्रीला मस्कतमध्ये नोकरी लागलीय, फेब्रुवारीपासून जायचं. सन्निधीला सांभाळायला आम्हा दोघींपैकी एकीनं वर्षभर यावं. "आत्ताच सांगा म्हणत न्हाई," म्हणाला. विहीणबाई ताटात बघायलेल्या. मी पण.

त्यांच्या घरी मुलगा, सून, दोन नातू. माझ्या घरी, हे गेल्यापासून, मी. शेजारची कमलबाई सकाळी दुधाला हाक मारते, तेवढाच आवाज. पण हे पोटच्या पोराला तोंडानं कसं सांगायचं?

२५ डिसेंबर

आज कुठंच जायचं न्हाई असं ठरलं. गाडी न्हाई, देवळं न्हाई. भाड्याच्या घरासमोरच समुद्र. किरण दोन नारळांमधल्या झोळीत पुस्तक छातीवर ठेवून घोरायलेला. शैलश्री केसांना तेल लावून बसली. मी आणलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी नाश्त्याला. कुणी घड्याळ बघितलं न्हाई.

विहीणबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पोरीला घेऊन पाण्यात. ह्या वयात! लाट आली की दोघी किंचाळायच्या. माझ्याकडं बघून हात केला — "या की अक्का, गुडघाभरच पाणी हाय."

"न्हाई, मला पडसं झालंय," म्हटलं. पडसं कुठलं. कामून असं बोलले, माझं मलाच कळेना. नातीनं बोलवावं म्हणून बसले होते. तिनं न्हाई बोलवलं.

मग सावलीत येऊन पोर त्यांच्या मांडीवर झोपली, पदराचं टोक मुठीत धरून. कन्नडमधून काहीतरी गुणगुणायलेल्या, हळू. मी जाऊन म्हटलं, "द्या इकडं, तुमचे पाय अवघडले असतील." उचलायला गेले तर जागी झाली, माझा हात ढकलला, रडली. पुन्हा त्यांच्याकडंच.

दुपारी मी ओसरीवर. पाय लांब केलेले, शहाळ्याचं पाणी हातात, वारा. किरणचा बाप असता तर म्हणाला असता, दानम्मा, सुख सुख म्हणतात ते हेच. आणि मी काय करायलेय, तर त्या दोघींवर नजर ठेवायलेय.

आईस्क्रीमवाला आला. विहीणबाईंनी पोरीला घेऊन दिलं. तिला पंधरा दिवसांपासून खोकला, डॉक्टरनं गार बंद केलेलं, हे सगळ्यांना ठाऊक. ओठावर बोट ठेवून तिला म्हणाल्या, "अम्मगे हेळबेड." आईला सांगू नको. कन्नड मलाही कळतं.

उठले. आत गेले. शैलश्रीला म्हटलं, "माझं काही म्हणणं न्हाई. पण पोरीला खोकला हाय, म्हणून सांगायलेय."

ती तशीच बाहेर गेली. किरणसमोर, घर सांभाळणाऱ्या बाईसमोर, आपल्या आईला बोलली. "आत्याबाईंनी सांगितलं म्हणून कळलं तरी. तुझ्या भरवशावर कसं सोडायचं गं हिला?"

माझं नाव निघंल असं वाटलं नव्हतं.

विहीणबाई पदरानं पोरीचं तोंड पुसत राहिल्या. त्यांचे कान लाल झालेले मला दारातून दिसले. मग चहा आला. खरं लिहायचं तर — चहा गोड लागला.

२६ डिसेंबर

सन्निधीला खोकला वाढला न्हाई. काही झालं न्हाई. विहीणबाई आज पाण्यात गेल्या न्हाईत. पोर वाळूत एकटीच खेळली. मी जवळ जाऊन बसले, किल्ला करून दिला. तिनं विचारलं, "अव्वा कामून येत न्हाई?"

मी किल्ल्याला अजून एक बुरूज केला.

२८ डिसेंबर, बसवकल्याण

घरी आले. हैदराबादेत निरोप घेताना विहीणबाईंनी माझा हात हातात घेतला. "येते अक्का. तब्येत सांभाळा. पडसं अंगावर काढू नका." मी मान हलवली. माफ करा म्हणायचं जिभेवर आलं होतं, तेवढ्यात त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी किरणचा फोन. "आई, तुझा व्हिसा करायलोय. पासपोर्टचा फोटो पाठव." मला वाटलं चुकून बोलायलाय. म्हटलं, विहीणबाई? तर म्हणाला, "त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, मला नुसते लाड करता येतात, लक्ष ठेवता येत न्हाई. अक्कांना बघा, ओसरीवर बसून सुद्धा त्यांचं सगळं ध्यान पोरीवर होतं. त्यांनाच न्या."

मी हो म्हटलं.

हेमावतीबाईंचा नंबर काढून बसलेय. अजून लावला न्हाई.