गैरहजर बाईचा कप

१४ ऑक्टोबर, बुधवार
दुपारचे चार

चि. ठमाबाईस,

आजीचे आशीर्वाद आणि डोक्यावर एक टपली. दोन्ही पोचल्याचं कळव.

अक्षर पाहून दचकू नकोस. खालचा घड्याळजी लिहितो आहे. आयुष्यभर भिंगातून चाकं बघितली, त्यामुळे अक्षर मुंगीएवढं काढतो. मी म्हटलं, जरा मोठं लिहा, नात दिवसभर पडद्यात डोळे घालून बसते. तर म्हणतो, "मावशी, कागद वाया जातो." चिकटपणा बघ. हेही लिहा म्हटलं तर लिहिलं, एवढा मात्र प्रामाणिक.

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे जागेवर आहेत आणि त्यांच्यामुळे मीही जागेवर आहे. तुझ्या वडिलांनी नळ दुरुस्त केला. आता तो गळत नाही, कारण त्यातून पाणीच येत नाही. शर्टांची काजं मला आता दिसत नाहीत, नुसती बटणं लावते.

नेहमी पत्र लिहून देणारी पंतोजीण आज का लिहीत नाही, असं तुझ्या मनात आलं असेल. सांगते. आधी बाकीचं सांगू दे.

तुमच्या संघटनेच्या नव्या पद्धतीबद्दल घरी शिवणारणी बायका बरं बोलतात. ते आधी लिहवून घेते, नाहीतर म्हणशील म्हातारी नुसती नावं ठेवते. आमच्यासारख्या शाखा बंद केल्या आणि संघटना प्रत्येकीच्या फोनवर आली, तेव्हापासून काजाचा भाव त्याच दिवशी कळतो. पोरी माल देणाऱ्याच्या तोंडासमोर फोन धरतात आणि तो पुरते पैसे मोजतो. ज्यांची लेकरं अंगावर आहेत त्यांना दर बुधवारी सभेला घड्याळजीच्या दुकानामागच्या खोलीत यावं लागत नाही. मला वाचता येत नाही, तर फोन वाचून दाखवतो, तोही बाईच्या आवाजात, आणि ती बाई कधी उलट बोलत नाही. अशी सदस्य आमच्या शाखेला बावीस वर्षांत मिळाली नाही.

आता त्या फॉर्मच्या दिवसाचं.

गेल्या वर्षी शाखांची पाहणी करायला तू मुख्य कार्यालयातून आलीस, बरोबर ते टाय लावलेले साहेब. आम्ही अकरा जणी. मी सगळ्यात जुनी, म्हणून पहिला प्रश्न मला. तू परक्या माणसाच्या आवाजात विचारलंस, "आजी, शाखा नेमकं काय करते?"

मी म्हटलं, "चहा पिते आणि सुनांना नावं ठेवते."

बायका खदखदून हसल्या. साहेबही हसले. तू मान खाली घालून फॉर्मवर तेच लिहून घेतलंस.

पंतोजीण माझ्या शेजारी होती. कानाशी येऊन म्हणाली, "अगं, कपाचं सांग ना." मी तिला कोपर मारलं.

कपाचं तुला ठाऊक नाही, कारण लहानपणी तू आलीस की सभा थांबायची आणि तुझं कौतुक सुरू व्हायचं. आमच्याकडे चहा आलेल्या बायकांपुरता होत नसे. वहीत जेवढी नावं तेवढे कप. जी आली नाही तिचाही भरायचा, पण कुणी प्यायचा नाही. सभा संपली की तिचं घर जिच्या वाटेवर, तिने तो बशीने झाकून न्यायचा आणि तिच्याच हातात द्यायचा. उंबऱ्यावर ठेवून यायचं नाही, शेजारणीकडे द्यायचा नाही. दार उघडेपर्यंत उभं राहायचं. असाच एकदा कप घेऊन गेलो तर एक जण तापाने फणफणलेली सापडली. एकीला नवऱ्याने कोंडून ठेवलं होतं. तीन बुधवार आम्ही कप घेऊन त्याच्या दारात उभ्या राहिलो, चौथ्या बुधवारी ती स्वतः सभेला आली. अगं, घरात बसून काजं करणारी बाई सकाळपासून भिंतीशी बोलते. ती दिसली नाही तर कळायचं कुणाला?

हे मी का नाही सांगितलं? वाटलं, साहेबांपुढे कपबशीचं काय सांगायचं. तुला ओशाळं वाटेल. कुठे तुझे ते तक्ते आणि कुठे गार झालेला चहा. आणि खरं सांगू, लोक हसले की मला पुढचं बोलायची गरज वाटत नाही. तुझे आजोबा गेले त्या आठवड्यातही मी लोकांना हसवलं होतं.

मग तुमचा अहवाल आला. पंतोजीणने वाचून दाखवला. आमच्या शाखेपुढे लिहिलं होतं, विशेष कार्य नाही. जुलैत शाखा बंद झाली. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "तुझ्या एका विनोदापायी गेलं सगळं." मी म्हटलं, "तुला तोंड नव्हतं? बोलायचं होतंस." ती म्हणाली, "तू कोपर मारलंस." त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही आणि मीही गेले नाही. म्हणून तीन महिने पत्र नाही, ठमे. माझा लिहिता हात तिच्याकडे होता.

घड्याळजी विचारतो, पाणी आणू का. नको म्हटलं, लिहा.

पंतोजीण गेली. तसंच लिहा घड्याळजी, गोल करून लिहू नका.

गेल्या महिन्यात. मोरीत पाय घसरून पडली, मंगळवारी. मंगळवारचं दूध तिने आत घेतलं होतं, बुधवारपासूनचं दारात होतं. दूधवाल्याला वाटलं, लेकीकडे गेली असेल. खालच्यांनाही तेच वाटलं. सोमवारी माल न्यायला माणूस आला. त्याला त्याचे चाळीस शर्ट हवे होते, म्हणून त्याने दार तोडायला लावलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस तरी जीव होता.

त्या दोन दिवसांत एक बुधवार होता. शाखा असती तर पाच वाजता कुणीतरी तिच्या दारात उभी राहिली असती. कुणीतरी म्हणजे मीच. तिचं घर माझ्या वाटेवर होतं.

तिचा फोन उशाशी होता. त्यावर संघटनेचे चार मेसेज. शेवटचा घड्याळजीने वाचला, "ताई, आपले सदस्यत्व चालू आहे." तुमच्या यादीत ती अजून चालूच असेल, बघ जरा.

परवा फोनवर तू विचारलंस, पंतआजी कशी आहे. मी म्हटलं, "असेल कुणाच्या तरी चुका काढत." तू हसलीस आणि विषय संपला. फोनवर मला हे सहज जमतं. समोर माणूस लेखणी धरून बसला की जमत नाही. म्हणून हे पत्र.

तुझी आई सांगत होती, पुढच्या महिन्यात वार्षिक सभेत उरलेल्या चाळीस शाखा बंद करण्याचा ठराव तू मांडणार आहेस, आणि तुझी बढतीही त्यावर आहे. आमची शाखा फार थोर होती असं मी म्हणत नाही. तरुण मुली येईनाशा झाल्या, कारण आम्ही त्यांना खुर्ची दिली नाही आणि बोलूही दिलं नाही. फोन राहू दे, चांगला आहे. पण त्या चाळीस खोल्यांतही एखाद्या म्हातारीने तुला हसत हसत काहीतरी सांगितलं असेल आणि तू तसंच लिहून घेतलं असशील. परत जा. फॉर्म पिशवीत ठेव, त्यांच्यात बस, आणि विचार की एखादी आली नाही तर तुम्ही काय करता.

माझं उत्तर खोड. त्याच्या जागी हे पत्र सभेत वाच. आजीचं म्हणून नको, सदस्याचं म्हणून वाच.

घड्याळजी म्हणतो, "पोरीची चूक नाही, असं एक वाक्य टाकू का?" मी म्हटलं, थांबा. माझी चूक मी सांगितली. तिची आहे की नाही, ते तिचं तिला ठरवू दे, ती काही कुक्कुलं बाळ नाही.

सभा झाली की घरी ये. मी पान वाढून ठेवीन आणि एक शब्द विचारणार नाही. सभेत पत्र वाचलं नसलंस तर मला तसंच कळेल. तू दारातून काहीतरी गंमत करतच आत येशील, अगदी माझ्यासारखी.

वाचलंस तरी आणि नाही वाचलंस तरी तुझीच,
आजी