करंट आहे तोवर

५ जानेवारी, सोमवार

मशीन पुन्हा थरथरतंय. चित्राला आडवी पट्टी, गेममधल्या विमानांचा आवाज मधेच घोगरा. लोणी देवकरहून कंपनीची पाळी करून आले, बूटही काढले नव्हते, तर तात्या दारात. "मेघे, अनूचं मशीन आजारी हाय." जशी काही गोठ्यातली गायच!

मागची फळी काढून मीटर लावला. बोर्डाला पाच व्होल्ट हवेत. येतात चार पॉइंट सात. अजून थोडे उतरले की बोर्ड आपोआप बंद पडून नव्यानं सुरू होणार. आणि तेच व्हायला नको.

७ जानेवारी

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

बारामतीच्या स्टँडामागचं व्हिडिओ गेमचं दुकान बंद झालं, तेव्हा माझ्या भावानं, अनूनं, हे मशीन टेम्पोत घालून सणसरला आणलं. कपाटाएवढं धूड. आई म्हणाली, यापरीस ज्वारीची कोठी बरी. मग तीच ताट घेऊन त्याच्या शेजारी बसायला लागली, कारण साहेब जेवायला उठायचे नाहीत. एक घास त्याला, एक डोळा पडद्यावर.

जुना बोर्ड आहे. आत बॅटरी नाही. करंट आहे तोवर त्याला सगळं आठवतं, करंट गेला की पाटी कोरी. गेल्या जानेवारीत अनू अंधारात उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला ना दिवा, ना लाल पट्टी. घरी मशीन चालूच राहिलं होतं. सगळ्यात जास्त गुणांच्या यादीत पहिल्या ओळीत त्यानं लावलेली इंग्रजी अक्षरं — ए, एन, यू. तीनच बसतात.

तेव्हापासून तात्यांनी ते बंद करू दिलेलं नाही. बटणावर चिकटपट्टी, खाली इन्व्हर्टर. सकाळी चहा घेऊन त्या ओळीपुढं उभे राहतात.

८ जानेवारी

बोर्डाला करंट देणाऱ्या सप्लायवरचा स्क्रू फिरवून पाच व्होल्ट केले. तासाभरात पुन्हा उतरले. आतल्या कपॅसिटरची डोकी फुगलीत. वर्षभर त्याला क्षणाची उसंत दिली नाही, दुसरं काय होणार? जपून जपूनच मारलं आपण त्याला. हे तात्यांना सांगायची माझी हिंमत नाही.

११ जानेवारी, रविवार

आईशी भांडले. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बंद कर की. नवं बसव, अन् लाव परत." तात्या ताटावरून उठले. "बंद न्हाय करायचं. माझं पोरगं हाय त्यात." आई तव्याकडंच बघत राहिली.

हिला काहीच कसं वाटत नाही? वर्षभरात मी हिला धड रडताना पाहिलेलं नाही. संध्याकाळी मनगटाला तेल चोळत बसली होती. खुरपून दुखतंय म्हणे. सगळा ऊस डोक्याच्या वर गेलाय, आता कुठं खुरपते ही? पण विचारलं नाही. मला तिच्याशी बोलायचंच नव्हतं.

१२ जानेवारी

पहिल्या ओळीतला आकडा एक्केचाळीस हजार. मला साठच्या पुढचा आठवत होता. अनूचं एकेक असं निसटत चाललंय माझ्या हातून. रडू आलं.

१४ जानेवारी

बारामतीहून नवा सप्लाय आणला. दुकानदार म्हणतो, "मॅडम, चालू बोर्डाला हात लावू नका. बंद करून बसवा, पाच मिनिटांचं काम हाय." त्याला काय सांगू?

रविवारी अनूचं वर्षाचं पुण्यानुमोदन. भंतेजी येतील, पाहुणे येतील. तात्यांनी आत्तापासूनच मशीनची काच पुसून ठेवलीय. "सगळ्यास्नी दाखवीन," म्हणाले. वर्षात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'उद्या-परवा'ची गोष्ट ऐकली. म्हणून चालू बोर्डावरच करायचं. नवा आधी जोडायचा, मग जुना सोडायचा. कंपनीत कुणी असं करताना दिसला तर मीच त्याला फैलावर घेईन.

१६ जानेवारी, शुक्रवार

गेलं.

तात्या टॉर्च धरून उभे होते. नव्या सप्लायच्या तारा बोर्डाला लावल्या, पडदा शांत होता. जुनी तार सोडवताना पेचकस घसरला. बारीकशी ठिणगी, पडदा काळा. मग गेम बनवणाऱ्या कंपनीचं चित्र, मग यादी. सगळ्या ओळींत नुसते ए, ए, ए.

तात्यांनी विचारलं, "गेला?"

दवाखान्यातही त्यांनी एवढंच विचारलं होतं.

मशीन आता झकास चालतंय. पट्टी नाही, घोगरेपणा नाही, पाचाला पाच. स्वतःच्या हाताचा इतका राग मला कधी आला नव्हता.

१७ जानेवारी

तात्या जेवले नाहीत. काच पुसायचं फडकं मशीनवरच पडून आहे. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, "रडू नगं. बघू." मी तो झटकला. बघू काय बघू!

१८ जानेवारी, रविवार

वंदना झाली, खीर झाली, पाहुणे गेले. तात्यांनी कुणालाच आतल्या खोलीत नेलं नाही. मी भांडी आवरत होते, तर आतून विमानांचा आवाज.

मशीनपुढं स्टुलावर आई. पदर खोचलेला, मनगटाला फडकं बांधलेलं, दांडी अशी फिरवत होती जशी रवी. मागं तात्या, भिंतीला धरून. शेवटचं विमान पडलं तशी तिनं दांडी हळूहळू सरकवून अक्षरं लावली. ए. एन. यू. माझ्या आईला इंग्रजीच काय, मराठीही वाचता येत नाही.

"आखाडातच गेलं हुतं त्याचं," ती तात्यांना म्हणाली. "लाईट गेली, इन्व्हर्टर बी बंद पडला, तुमी रानात हुता. तवापास्नं रोज बघताय ते माझंच हाय."