विरजण कुणाचं

आई, तू जाऊन सात वर्षं झाली आणि मी आज तुझ्यावर संशय घेऊन बसलेय. उद्या माझ्या पोरीचं उष्टावण हाय. लग्नानंतर आठ वर्षांनी झालेली पोर, आता सात महिन्यांची. पहिला घास दहीभाताचा, आणि दही घरचंच पायजे असं सासूबाईंनी ठरवलंय. घरचं म्हणजे तुझं. लग्नात तू स्टीलच्या डब्यात विरजण दिलं होतंस, निपाणीपासनं बंगळूरपर्यंत मी तो डबा मांडीवर धरून आले. "माझ्या आजीपासनं चालत आलंय. ह्या दह्यावर आपल्यात एक पोर दगावलं न्हाई," असं तू म्हणालीस. सासूबाई ते येईल त्याला सांगतात.

ते दही मी घालवलं, आई. गेल्या पंधरवड्यात पोरीला ताप आला, चार दिवस दवाखान्यात होतो. सासूबाई गावाला गेलेल्या. घरी येऊन बघते तर दह्यावर गुलाबी बुरशी. मोरीत ओतलं आणि वरच्या मजल्यावरच्या अक्काकडं वाटी घेऊन गेले. ती इथल्याच आनेकल गावची, कानडी. "घे गं, स्वल्प पुरे. आमच्या अज्जीचं हाय, असं दही कुठं मिळायचं न्हाई," म्हणाली. बघ, तिचंबी आजीचंच! तिच्या घरात काय शिजतं, कुणाचे हात लागतात, मला काय म्हायती. सासूबाई परत आल्या, वाटी नाकाशी नेली, माझ्याकडं बघितलं. "दूध बदललंस काय?" म्हणाल्या. मी म्हटलं, "न्हाई."

मी कोरमंगलात पोरींच्या पीजीत स्वयंपाक करते. परवा जेवताना त्यांचं दह्यावरनं भांडण लागलं. एक म्हणे तुर्की लोकांनी काढलं, दुसरी म्हणे बल्गेरियाचं, तिसरी म्हणे आपल्या वेदातच हाय. सगळ्यांच्या हातात मोबाईल, आणि प्रत्येकीचा मोबाईल वेगळंच सांगतोय. मग मलाच विचारलं, "अक्का, तुम्ही बोला, दही कुणाचं?" "म्हशीचं," मी म्हटलं. हसून लोळल्या. मला हसू आलं न्हाई. एवढ्या शिकलेल्या पोरींना ठाव न्हाई, मग आपलं दही आजीपासनंचं हाय हे तुला कसं ठाव होतं?

तवापासनं एक दिवस डोळ्यापुढनं हलत न्हाई. मी तिसरीत असेन. मांजरानं गाडगं पाडलंय, दही चुलीपुढं सांडलंय. तू वाळल्या मिरच्यांची देठं मोडतेस, कोमट दुधात टाकतेस, वर ताटली झाकतेस. दुसऱ्या दिवशी त्या देठांवर लागलेलं दही बाबांना वाढताना म्हणतेस, "आजीचं दही, अजून घ्या." मी तोंड उघडलं तर हातावर उलथनं बसलं. "दह्याला तोंड असतंय काय? मग तुला कशाला पायजे?"

आणि तुझ्या तेराव्याला मावशी बोलून गेली, माझ्या आधी एक मुलगा होता, दात यायच्या आत गेला. म्हातारी बरळतेय असं मला वाटलं. आता तसं वाटत न्हाई. तो गेला तवा घरात कुठलं दही होतं, आई? का तो गेला म्हणूनच तू ही गोष्ट रचलीस, मला भरवताना तुला भ्या वाटू नये म्हणून? राग येतोय तुझा. पण भ्या मलाबी वाटतंय. ताप पुन्हा आला तर, असं सारखं मनात येतंय, आणि खरं सांगून विचारावं असं घरात कोण न्हाई.

हा कागद लिहून झाला की फाडणार हाय. सासूबाईंना वाचता येतंय. एक गोष्ट तेवढी तुला सांगते. वरच्या अक्काचं दही मी पोरीला लगेच दिलं न्हाई. आठ दिवस रोज वाटीभर सासूबाईंना वाढलं आणि बघत बसले. त्यांना काय झालं न्हाई. उद्या पोरीला देणार.