लॉजच्या फळ्यावरची ओळ

सौ. अनसूयावन्सं यांस,

घडले ते मुद्देसूद मांडते. दिवाळीच्या सुट्टीत यज्ञेश तुमच्याकडे तुळजापूरला राहिला. खोल्या शिल्लक आहेत की नाहीत हे यात्रेकरूंना कळवणारा तुमच्या लॉजचा फळा तुम्ही त्या चार वर्षांच्या मुलाच्या हाती दिलात. त्याने रेघोट्या ओढल्या. "वाच की रे राजा, काय लिव्हलंस?" असे तुम्ही विचारले आणि त्याने वाचले, "आत्या झोपलीय, उद्या या." तुम्ही ते पुसले नाही, उलट मंगळवारच्या गर्दीत सोलापूरच्या मंडळींनाही कौतुकाने वाचून दाखवले.

मी भाषाशास्त्रात पीएच.डी. केली आहे. माझ्या मुलाने पहिले अक्षर माझ्यासमोर आणि वळणदार काढावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. धाराशिवला परतल्यापासून मात्र मी पाटी पुढे केली की तो मुठी मिटतो. काल म्हणाला, "तू पुसतेस. आत्याला वाचता येतं."

तुमची वाणसामानाची चिठ्ठी वाचताना दुकानदाराला तुम्हालाच फोन करावा लागतो, आणि वाचता येते ते तुम्हाला!

मी त्याला न्यायला आले, तेव्हा त्याने फळ्यावर एक लांब ओळ काढली, माझ्याकडे बोट दाखवले आणि ती तुमच्या कानात वाचली. तुम्ही हसलात, मग माझ्याकडे पाहून हसू आवरलेत. "काय न्हाय वहिनी, पोराचं बोलणं," म्हणालात. मी फळ्यासमोर उभी होते आणि मला त्यातले काहीही वाचता आले नाही.

त्या ओळीत माझ्याविषयी काय लिहिले होते, ते शब्दशः, काहीही न गाळता, मला लेखी कळवावे.

आपली भावजय,
डॉ. गौरी