बसा की जरा

सोमवार, ३ फेब्रुवारी

माणसाने चंद्रावर पाऊल ठेवलं, पण मंद्रूपपलीकडच्या या वस्तीवर अजून खुर्ची ठेवलेली नाही, याची इतिहासाने नोंद घ्यावी. घर नवं, स्लॅबचं. टीव्ही भिंतीएवढा, फ्रिज दोन. बसायला मात्र सतरंजी. माझ्या गुडघ्यांनी मांडी घालणं तीन वर्षांपूर्वीच सोडलंय. खुर्चीचं विचारलं तर यजमान अण्णाराव म्हणाले, सर, आमच्यात खालीच बसायची सवय हाय की.

बाकी झकास. पेपरातलं माझं विनोदी सदर बंद पडल्यापासून मी लोकांच्या पंचाहत्तरीच्या स्मरणिका लिहितो. यावेळी स्मशानाची. अण्णारावांच्या शेताच्या कडेला घराण्याची दफनभूमी आहे. लिंगायत रिवाजाप्रमाणे माणसाला बसवून, डाव्या मुठीत त्याचं इष्टलिंग मिटवून पुरतात. तिचा इतिहास लिहायचाय. यातलं एकही पात्र तक्रार घेऊन येणार नाही, हा केवढा आनंद! कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. उभ्यानेच हाणलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

अकरा समाध्या, कडुलिंबाखाली, एका ओळीत. या घरात कुणी ‘वारत’ नाही, ‘बसतं’. मूळपुरुष मल्लप्पा प्लेगच्या साली बसले. अकराव्या राजाबाई कोरोनात बसल्या. ऐकताना पंगत मांडल्यासारखं वाटतं. ओळीच्या शेवटी एका माणसापुरती जागा मोकळी, सारवलेली.

सहावी समाधी घरातली नाही. मृत्युंजय मास्तर म्हणून कुणी होते, ते इथली नावं लिहून घ्यायला आले होते. पुढचं विचारल्यावर अण्णारावांना एकदम विहिरीवरची मोटार बंद करायचं आठवलं.

दुपारी नावं उतरवत होतो. झाडाखाली एक म्हातारा बसला होता. पटका, कपाळभर भस्म, डावी मूठ छातीशी. राखणदार असावा. मायेनं म्हणाला, या, बसा की जरा. गुडघ्यांना स्मरून मी नेहमीचं उत्तर दिलं, आत्ता नको, पुन्हा येऊन निवांत बसतो. असली आश्वासनं मी अर्ध्या सोलापूरला दिलेली आहेत.

बुधवार, ५ फेब्रुवारी

राखणदाराचं नाव विचारलं. अण्णाराव म्हणाले, राखणदार न्हाय. त्यांच्या आई, चन्नम्मा, भाकरी थापता थापता थांबल्या. डावी मूठ मिटलेली व्हती का? मी हो म्हणालो. मग तुमी काय म्हणालात? सांगितलं. त्यांनी पिठाचाच हात कपाळाला लावला. सरळ ‘न्हाय बसत’ म्हणायचं वो, आमची लेकरंबी एवढं शिकत्यात! मल्लप्पांना माणसांची लई हौस. येईल-जाईल त्याला बसवून घेत्यात. जबरदस्ती न्हाय, पण शब्द दिला की वाट बघत्यात. मास्तरबी ‘नंतर बसतो’च म्हणाले व्हते.

मी म्हणालो, अशा शब्दांनी माणसं मरत असती तर महाराष्ट्र कधीच ओस पडला असता. कुणी हसलं नाही. अण्णारावांनी मंद्रूपहून खुर्ची मागवली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

खुर्ची आली. लाल, प्लास्टिकची. मला बसता येत नाही. गुडघे दुखत नाहीत — वाकतच नाहीत. अण्णारावांनी खांदे धरून दाबून पाहिलं. खांबाला दाबावं तसं. दिवसभर उभा आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सोलापूरची एसटी. अर्धी गाडी रिकामी. कंडक्टर म्हणाला, काका, बसा की, जागा लई हाय. दांडा धरून उभा राहिलो. लोक कौतुकानं बघत होते.

घरी माझी स्वतःची आरामखुर्ची. तिच्यापुढेही उभाच. डॉक्टर म्हणाले, एक्स-रे छान आहे, बसा. बायकोनं डोळे पुसले. आडवा पडतो, पण पाय उभे असल्यासारखे ठणकतात.

रविवार, ९ फेब्रुवारी

परत आलो. दुसरं काय करणार. चन्नम्मांना विचारलं, आता ‘न्हाय’ म्हटलं तर? म्हणाल्या, सांगून बघा.

भर दुपारी जाऊन सांगितलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. रागावला नाही. फक्त शेवटच्या मोकळ्या जागेवरचा पाला हातानं झाडला.

मग वर बघून हसला — ओळखीच्या माणसासारखा —

सोमवार, १० फेब्रुवारी

पाचवा दिवस. पोटऱ्या दगड. भीती होती, तीही आता दमली. चन्नम्मा सकाळपासून दार अडवून उभ्या होत्या. मी म्हणालो, अहो, किती वेळ उभ्या राहाल. रडत बाजूला झाल्या.

शेवटी येतो म्हणालो होतो मीच — पाच मिनिटं — शब्द फेडून यायचं —

दुपार. बसलो. मांडी आपोआप पडली. तीन वर्षांनी. गुडघे — काहीच नाही — अगं आई, किती बरं —

राजाबाई जरा सरकल्या.

फिटलं. आता उठतो. वही मांडीवर, पेन उजव्या हातात. डावी मूठ मल्लप्पांनी हळूच मिटून