कमानीवरची काच

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा जमीन हलली! मी गाइड; आमचा गट गावाखाली गाडल्या गेलेल्या रोमन बेकरीत होता, सतरा जर्मन पर्यटक. मी दगडी जात्यांवर बोलत होते, गाढव कसं गोल फिरायचं वगैरे, आणि पायाखाली गुरगुर झाली. छतातून चिमूटभर माती पडली. "पोत्सुओली तुमचं स्वागत करतंय!" मी हसून म्हटलं. तेही हसले. माझा हात मात्र खिशात, नजर लागू नये म्हणून ठेवलेलं पोवळ्याचं शिंग चाचपत होता.

वर आल्यावर मोजले. सतरा. उतरताना मोजते, चढताना मोजते, रोज.

गल्लीत खिडक्याखिडक्यांतून आरडाओरडा. "दोन सात!" "हट्, तीन तरी असेल!" आमच्याकडे धक्का बसला की आधी रिश्टरचा आकडा सांगायचा, मग घाबरायचं. आई म्हणाली, दोन नऊ. फोनवर आलं दोन नऊ. लॉटरी लागल्यासारखी मिरवत होती.

४ मार्च

प्रोकोलोकाकांना विचारलं, खाली उतरण्यात धोका नाही ना. खालच्या गल्ल्यांची राखण तेच करतात, हाडाचे गवंडी. बेकरीच्या कमानीला तडा आहे. त्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने बसवलीय, तीही त्यांनीच. तडा सरकला की काच फुटते.

"काच शाबूत ना? मग तूही शाबूत. कॉफी घे, पोरी."

शाबूत होती. चार वर्षं मी त्या काचेच्या भरवशावर उतरते आहे.

६ मार्च

कालचा मोठा होता. आईने तीन पाच सांगितला, निघाला चार. रुसली. आमच्या कपाटातल्या दोन बशा फुटल्या — आणि ती काच फुटत नाही? मूर्खपणा असेल माझा. तरी आज काकांची पाठ वळली तेव्हा काचेच्या कोपऱ्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. तिळाएवढा.

७ मार्च

ठिपका आहे. किती बावळट मी!

१० मार्च, सोमवार

सकाळी आठला धक्का. सगळे पायजम्यात रस्त्यावर. आज कुणी आकडा ओरडलं नाही.

दहा वाजता काका म्हणाले, "बघून आलो. काच शाबूत. ने तुझ्या लोकांना."

नेलं. काच शाबूत.

ठिपका नाही.

पुढे मी काय बोलले देव जाणे. तोंड चालत होतं, डोळे कमानीवर. वर येऊन मोजलं तर एकदा बारा, एकदा चौदा. होते तेराच.

११ मार्च

काकांना गाठलं, काच बदललीत ना म्हणून विचारलं. आधी मलाच दटावलं, "चष्मा लाव." मग बसले.

"त्या बेकरीच्या वर आमचं घर होतं, नुन्झिया. सत्तर साली सात वर्षांचा होतो. जमीन हलायला लागली म्हणून सैनिकांनी बसमध्ये कोंबलं. आईचं घेवड्याचं भांडं चुलीवर तसंच राहिलं. म्हणाले, आठ दिवसांत परत या. अजून म्हणतायत! या सरकारी लोकांनी एकदा कुलूप लावलं की यांना किल्ली सापडत नाही. मला पुन्हा बाहेर काढू नकोस."

रडत होते. कुणाला सांगणार नाही असा मी शब्द दिला. का दिला? छताची भीती वाटते, पण त्यांच्या त्या चेहऱ्याची जास्त वाटली.

परवा शाळेची बावीस मुलं आहेत.

१२ मार्च

काकांनी बिस्किटांचा डबा आणून दाखवला, माझी समजूत पटावी म्हणून. फुटलेल्या काचा! एकतीस. प्रत्येकीवर पेन्सिलने तारीख.

"बघ, एकतीस फुटल्या. पडलं का काही?"

मी तारखा चाळल्या. माझ्या पहिल्या दिवसाची काच आहे त्यात. त्या दिवशी मी नवा लाल कोट घालून तीस माणसं खाली नेली होती आणि घरी येऊन आईला म्हटलं होतं, अजिबात भीती वाटली नाही गं.

शब्द मोडला. नगरपालिकेच्या इंजिनिअरला फोन केला. दोनदा चुकीचा नंबर लागला.

१३ मार्च, गुरुवार

पायरीवर बसून लिहितेय. मुलांची बस परत पाठवली. इंजिनिअर म्हणाला, तड्यात मनगटापर्यंत हात जातो. पाहणीला उतरलेल्या सगळ्यांना वर काढलं. सवयीने मोजले. सहा उतरले, पाच आले.

काका बेकरीत बसलेत. ओरडून सांगतायत, या वेळी बसमध्ये चढणार नाही. तासाभरात दोन धक्के. आगीचा बंबवाला म्हणतो, जमीन शांत होईपर्यंत कुणीही उतरायचं नाही.

आई शेजारी उभी आहे. आकडा सांगत नाही. वही आणि शिंग तिच्याकडे देते.

मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे आहे. उतरते.