गेटवरचं पांढरं फडकं

बक्थॉर्न खोरं, कोलोरॅडो
१९ जून, बुधवार, दुपार

प्रिय नेल,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तुझा गुडघा आता कुरकुरत नाही आणि तिकडे नेब्रास्कात मका छान उगवून आला आहे, हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. ऑरिनची उजवी बाजू तशीच लुळी आहे, पण जीभ शाबूत. काल माझ्या सूपला 'बंबातलं पाणी' म्हणाला आणि वर दुसरा वाडगा मागून घेतला.

शनिवारी आमच्या अग्निशमन दलाचा पॅनकेकांचा नाश्ता झाला. आमच्या दलात पगार कुणालाच नाही, तुला माहीत आहे. सुतार, दुकानदार, शाळेतली बाई, सगळे हातातलं काम टाकून बंबावर चढतात. उरलेले आम्ही तवे तापवतो, पॅनकेक विकतो आणि त्या कमाईतून त्यांना बूट आणि नळ्या घेऊन देतो. मी तव्यापाशी होते, टेस पलीकडे बंब धूत होती. "आई, तुझे पॅनकेक वाया घालवू नकोस, आगीवर टाकले तर ती गुदमरून मरेल," असं चारचौघांत म्हणाली. पस्तिशी आली तरी तोंड बापाचंच.

तिचा तुला फोन आला असेल. पलीकडच्या डोंगराला आग लागली आहे, खोरं रिकामं करताहेत, आई-बाबा खाली शाळेच्या हॉलमध्ये सुखरूप पोचले, असं म्हणाली असेल. काळजी करू नकोस. धूर आहे, पण तो काय दर उन्हाळ्याला असतोच.

ऑरिन दलाचा प्रमुख होता तेव्हाची एक रीत अजून चालू आहे. घर सोडून जाताना गेटला पांढरं फडकं बांधायचं. म्हणजे बंबावरची माणसं रिकाम्या घराची दारं ठोठावत वेळ घालवत नाहीत. ती रीत ह्यानंच घालून दिली. एका आगीत आधीच निघून गेलेल्या कुटुंबाला शोधताना त्याची दोन माणसं होरपळली, त्यानंतर. खोऱ्यातल्या प्रत्येक घरात दाराजवळच्या खिळ्याला ते फडकं टांगलेलं असतं. आमचं म्हणजे जुनी उशीची खोळ.

आज सकाळी ती मी गेटला बांधली.

नेल, आम्ही हॉलमध्ये नाही. मी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे आणि ऑरिन आतल्या खोलीत पडला आहे.

सकाळी टेसचा फोन आला, की मी वर येते तुम्हाला न्यायला. ऑरिननं खुणेनं नको म्हटलं. मी तिला म्हणाले, बॉईड गँटनर आम्हाला नेतोय, तू तुझं काम बघ. बॉईड म्हणजे आमच्या वरच्या घरातला. बैलासारखा माणूस, ऑरिनला त्यानं सहज उचलून गाडीत घातलं असतं. मला एकटीला त्याला पलंगावर कुशीला वळवतानासुद्धा दम लागतो. पण ऑरिन म्हणाला, "बॉईड यायच्या आत फडकं बांध."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"ज्या हॉलमध्ये जन्मभर लोकांना हुकूम सोडले, तिथं खाटेवर पडून सगळ्यांसमोर लंगोट बदलून घेऊ? छपराला पत्रा आहे, भोवतालची झाडं मी स्वतः तोडलीत. आग वळसा घालून जाईल. आणि पोरीला ह्या रस्त्यावर बोलवायचं नाही, सांगून ठेवतो."

रस्त्याचं त्याचं म्हणणं खरं आहे. आमच्या खालच्या वळणापर्यंत बंब फिरवता येतो. त्याच्या वर आला तर उलटा चालवतच खाली न्यायचा, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. वळणावरून आमचं गेट दिसतं. फडकं दिसलं की तिथूनच परत जायचं, हाही ह्याचाच नियम.

मी बांधलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यानं प्रमुखाच्या आवाजात सांगितलं की माझे हात आपोआप चालतात. थोड्या वेळानं बॉईडची गाडी आली. गेटपाशी हळू झाली. मी पडद्याआड उभी होते. त्यानं फडक्याकडे पाहिलं, टेसनंच आम्हाला नेलं असं त्याला वाटलं असणार, आणि पुढे निघून गेला. मला हाक मारायची होती, नेल. मारली नाही.

त्यानंतर वारा फिरला. फोन बंद पडला. आता मागच्या खिडकीतून कोठारसुद्धा दिसत नाही, गेटच्या बाजूला तेवढा धूर विरळ आहे, बाहेर सगळं गंजल्यासारखं तांबूस झालं आहे, आणि वरून बोटाएवढ्या काळ्या काटक्या पडताहेत, काही अजून धुमसत्या. मी टबात पाणी भरलं, गोधड्या भिजवल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबले. आता करायला काही उरलं नाही म्हणून हे पत्र. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ना. आजवर दुसऱ्यांची घरं जळली की मी कॉफी घेऊन जायचे, खांद्यावर हात ठेवायचे. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मला मरायचं नाही, नेल. मला फार भीती वाटते आहे, आणि त्या माणसाचा भयंकर राग येतो आहे.

आत्ता त्यानं हाक मारली म्हणून उठून गेले. वाटलं, खिडकी नीट लावलीस का असं काही विचारेल. त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. हात थंडगार होता.

"आर्डी, मला भीती वाटतेय."

जन्मात त्याच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. आगीतून भाजून आला तेव्हाही 'जेवायला काय आहे' एवढंच विचारलं होतं.

"मग फडकं सोडून येऊ?" मी विचारलं.

"टेस असेल बंबावर."

"माहीत आहे."

त्यानं माझं मनगट सोडलं.

मागे कुणी राहिलंय का ते बघणारी बंबाची शेवटची फेरी अजून व्हायची आहे. मी जाते.

नेल, सोडून आले. गाठ सुटेना, दातांनी ओढावी लागली. तोंडात राखेची चव आहे. खोळ माझ्या मांडीवर आहे आणि ती पुन्हा नेऊन बांधावी असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा उठले. ह्या दोघांतून कुणाला निवडायचं हे मला कुणी शिकवलं नाही, आणि मी माझ्या लेकीला निवडलं नाही.

खालून बंबाचा भोंगा ऐकू येतो आहे. वळणाशी पोचला असावा. इंजिनाचा आवाज बदलला. थांबलाय. बघताहेत.

नेल, गाडी वर येते आहे.

माझ्या टेसला सांभाळ म्हणून तू प्रार्थनेत ज्या कुणाला म्हणत असशील त्याला म्हण.

तुझी ताई,
आर्डिथ